सासऱ्यांचं मरणोत्तर पुस्तक

चहा गाळेपर्यंत ऐकून घ्या. मी माझ्या सासऱ्यांना मारलं, त्याची ही हकिकत. माणूस चांगला धडधाकट होता, रोज सकाळी गोदावरीपर्यंत पायी जाऊन यायचा, आणि मी त्यांना कैलासवासी करून टाकलं. तेही प्रेमानं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मला अजून या प्रकाराचा राग येतो. त्या ग्रंथमंडळाचा येतो, सासऱ्यांचा येतो, आणि स्वतःचा तर इतका येतो की दाढी करताना आरशात बघवत नाही.

तेव्हा मी श्रीगोंद्याला मामलेदार कचेरीत कारकून होतो. दुष्काळाची वर्षं. कचेरीत खडी फोडणाऱ्यांच्या हजेरीपटांचे ढीग लागलेले आणि त्यात मी मानेपर्यंत बुडालेला. सासुरवाडी पुणतांब्याची. सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. गावच्या शाळेत मास्तर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून वर्गातलाच. मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातलं पोर उठून उभं राहायचं.

तर या अण्णांनी तरुणपणी एक कादंबरी लिहिली होती. नाव ‘कर्तव्य की काळीज?’. प्रश्नचिन्ह नावातच. कुणा प्रकाशकानं ती छापली आणि मग कुणीही विकत घेतली नाही. उरलेल्या प्रती अण्णांनी घरी आणल्या आणि प्रत्येक मुलीच्या रुखवतात एकेक ठेवली. म्हणजे सगळ्या जावयांना समई, चांदीची वाटी आणि ‘कर्तव्य की काळीज?’. मी ती वाचली होती का? नाही. तुम्ही वाचली असती का? मग.

घरात लोणच्याच्या बरणीचं झाकण फुटलं. पुस्तक नेमकं त्या मापाचं निघालं. मी वरती ठेवलं, त्यावर एक दगड ठेवला आणि विसरून गेलो. पुढे अण्णा एकदा आमच्याकडे आले, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि तिथून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की मी आपोआप उभा राहिलो. ते जेवलेही नाहीत. पुढच्या गाडीनं परत गेले.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनात. म्हणजे बोलायचे, पण माझ्या बायकोमार्फत. सुमनला म्हणायचे, “सुमन, तुझ्या यजमानांना विचार, आणखी भात वाढायचा का.” मी समोरच्या पाटावर. मी म्हणायचो, “नको, अण्णा.” तर ते म्हणायचे, “सुमन, काय म्हणाले गं?” अशी काही वर्षं गेली. सणासुदीला सासुरवाडीला जायचं म्हटलं की मी कचेरीत जादा काम मागून घ्यायचो.

अशातच एका साप्ताहिकात मला जाहिरात दिसली. पुण्याचं ‘पुनर्जन्म ग्रंथमंडळ’. वर्गणी भरून सभासद व्हायचं, आणि लोक विसरून गेलेली जुनी चांगली पुस्तकं मंडळ नव्यानं छापून पोस्टानं घरी पाठवणार. मी झालो सभासद. पहिलं पुस्तक आलं, ते कोकणातल्या एका गलबतवाल्यानं लिहिलेलं प्रवासवर्णन. इतकं झकास की मी हजेरीपटाखाली लपवून कचेरीत वाचलं. आणि त्याच्या शेवटच्या पानावर छापलं होतं, ‘आपल्या माहितीतील उपेक्षित पुस्तक असल्यास सभासदांनी अवश्य सुचवावे.’

माझ्या डोक्यात उजेड पडला. जळो तो उजेड.

मी बरणीवरचं पुस्तक काढलं. तेलकट झालेलं मुखपृष्ठ ब्लेडनं सोडवलं, आतली पानं उन्हात वाळवली आणि ती प्रत पुण्याला पाठवून दिली. आणि महिन्याभरात उत्तर आलं की कादंबरी मंडळाला पसंत आहे. फार पसंत आहे. मी पत्र दोनदा वाचलं, कारण मला वाटलं चुकून दुसऱ्या कुणाचं आलंय. मंडळाला फक्त दोन गोष्टी हव्या होत्या. एक, लेखकाच्या वारसांची परवानगी. दोन, प्रस्तावनेसाठी लेखकाची थोडी माहिती.

आता त्या वर्षी अण्णांची पंचाहत्तरी होती. मुली, जावई, गावकरी सगळे जमणार होते. माझा बेत असा, की ऐन त्या दिवशी सगळ्यांसमोर नवं कोरं पुस्तक अण्णांच्या हातात ठेवायचं. कादंबरीचं तोंड उघडलं की अण्णांचंही उघडेल. पण त्यासाठी अण्णांना आधी कळता कामा नये. मग परवानगी कुणाची घ्यायची? मी बसलो आणि लिहिलं, ‘मी लेखकाचा जावई असून, सर्व वारसांच्या वतीने छपाईस आनंदाने परवानगी देत आहे.’

सुमननं ते वाचलं. ती म्हणाली, “अहो, वारस कशाला? अण्णा आहेत की.”

“आहेत म्हणून कळवलं तर मंडळ त्यांनाच पत्र घालेल. मग गंमत काय राहिली?”

ती पुढं वाचायला लागली. मी अण्णांबद्दल पानभर माहिती लिहिली होती. “आणि हे सगळं होते-होते काय लिहिलंय? शिस्तप्रिय होते, विद्यार्थ्यांना त्यांचा धाक होता, रोज नदीवर जात होते?”

“अगं, मास्तर होते, आता निवृत्त आहेत. मग होतेच ना?”

“नदीवर तर अजून जातात.”

“सुमन, मी रोज सरकारी मसुदे लिहितो. मला मराठी शिकवू नकोस.”

हे माझं वाक्य तिनं नंतर मला किती वेळा ऐकवलं म्हणून सांगू.

पंचाहत्तरीला आम्ही पुणतांब्याला गेलो. मंडळाला मी कळवून ठेवलं होतं की माझी प्रत थेट तिकडच्याच पत्त्यावर पाठवा, आणि पोस्टाला सांगून ठेवलं होतं की पार्सल मलाच द्या. आदल्या दिवशी ते आलं. मी सुतळीसुद्धा सोडली नाही. पावित्र्य राहावं म्हणून. सुमन म्हणाली, एकदा उघडून बघा. मी म्हणालो, अण्णांच्या हातानं उघडू दे.

दुसऱ्या दिवशी ओवाळणं झालं. आत श्रीखंडाचं पातेलं तयार, ओट्यावर आणि अंगणात माणसं बसलेली. मी पुढं झालो, अण्णांना हार घातला आणि पार्सल त्यांच्या मांडीवर ठेवलं. “सुमन, काय आहे गं हे?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “उघडा तर खरं.”

त्यांनी सुतळी सोडली, गुंडाळली, बाजूला ठेवली. कागद काढला. आणि स्वतःची कादंबरी बघितली. सांगतो तुम्हाला, त्या क्षणी त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, जिंकलो. हात त्या मुखपृष्ठावरून फिरला. मग त्यांनी चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “कर्तव्य की काळीज. लेखक,” आणि थांबले. पुन्हा वाचलं. “लेखक, कैलासवासी.” आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव.

मी पुस्तक परत घ्यायला हात पुढं केला. पण अण्णा थांबायला तयार नाहीत. त्यांनी प्रस्तावना काढली आणि तीही वाचायला घेतली, स्वल्पविरामांसकट. “आयुष्यभर उपेक्षा सोसून हा ज्ञानदीप एके दिवशी शांतपणे मालवला. आज ते आपल्यात असते, तर हा पुनर्जन्म पाहून त्यांचे डोळे पाणावले असते.” त्यांनी चष्मा काढला, डोळ्याला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, “नाही.” पुन्हा चष्मा लावला. “लेखकाचे जावई श्रीयुत मनोहरराव यांनी वारसांच्या वतीने मोठ्या मनाने परवानगी दिली, त्याबद्दल मंडळ त्यांचे ऋणी आहे.”

पुस्तक मिटलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सरळ माझ्याकडे पाहून तोंड उघडलं.

“मनोहरराव, मी कधी गेलो?”

मी म्हणालो, “अण्णा, ते मंडळाचं चुकलं.” तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. त्या आयुष्यात कुणाला मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. त्यांनी कपाळावरच्या कुंकवाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, “हे तुम्हाला दिसतं का? नीट बघून सांगा. सवाष्ण बाई आहे मी, आणि माझ्या घरात, माझ्यादेखत, तुम्ही त्यांच्या नावामागे कै. लावून आणता?” आणि श्रीखंडाचं पातेलं उचलून देवघरात नेऊन ठेवलं. मला त्यातलं बोटभर मिळालं नाही. साखर रेशनवर मिळायची हो त्या काळात, आणि मी माझ्या घरच्या वाट्याची नेऊन दिली होती त्या श्रीखंडासाठी.

इथवर झालं ते घरातलं होतं. पण पुस्तक काय एकट्या मलाच पाठवलं होतं? सगळ्या महाराष्ट्रातल्या सभासदांना त्याच वेळी गेलं होतं. आणि अण्णांच्या हाताखालून गेलेली पोरं आता कुठं कुठं मास्तर, तलाठी, स्टेशनमास्तर झाली होती. एकानं वाचलं की तो चौघांना सांगणार.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. तारा यायला लागल्या. शेजारी बबनराव नावाचे शेतकरी होते. ते बिचारे बोळाच्या तोंडाशी खाट टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगायला लागले, “मास्तर हायेत. चांगले ठनठनीत हायेत. पुढं जा, पर रडू नका. रडनारा मानूस दिसला की लई चिडत्यात.”

तरी कोपरगावकडचे एक हेडमास्तर बबनरावांना न जुमानता पुढं आले. अण्णांचे जुने विद्यार्थी. शाळेला सुट्टी देऊन, चार शिक्षक बरोबर घेऊन आले होते. अण्णा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. हेडमास्तरांनी त्यांना पाहिलं आणि तिथंच मटकन खाली बसले.

अण्णांनी विचारलं, “शाळा बंद ठेवून आलास?”

“हो, गुरुजी. मला वाटलं...”

“भाषण लिहून आणलंय?”

हेडमास्तरांनी खिशातून कागद काढला.

“मग उभा राहा आणि म्हण.”

त्या माणसानं खरोखर उभं राहून, जिवंत अण्णांसमोर, अण्णांच्या निधनावरचं भाषण म्हटलं. घामाघूम झाला. मध्ये एकदा अण्णांनी थांबवलं. “अपुरणीय नाही. अपूरणीय. पू दीर्घ. अजून तसाच आहेस.” पण खरं सांगू का, भाषण संपलं तेव्हा अण्णा बराच वेळ शेंगांची टरफलंच गोळा करत बसले. जिवंतपणी त्यांना कुणी असलं काही म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी मला बोलावलं. आता ते सुमनमार्फत बोलत नव्हते, थेट बोलत होते, आणि मला जुनीच पद्धत बरी वाटायला लागली होती. “ही माणसं तुम्ही बोलावलीत. आता स्टेशनवर जाऊन उभे राहा आणि तिथूनच परत पाठवा.”

दौंडकडून, मनमाडकडून, गाडी आली की मी फलाटावर. पडलेल्या चेहऱ्याचा माणूस उतरला की त्याच्याकडे जायचं आणि म्हणायचं, “मास्तरांकडे का? ते बरे आहेत.” बरेच जण ऐकायचे, चहा प्यायचे, माझ्याकडे विचित्र बघायचे आणि उलट्या गाडीनं जायचे. एकदा एक आडदांड गृहस्थ उतरले. डोळे लाल. मी पुढं होऊन हात जोडले. “रडू नका. ते गेलेले नाहीत. चुकीची बातमी आहे. चांगले शेंगा खातायत.”

“कोन शेंगा खातंय?”

“तुम्ही ज्यांच्यासाठी आलात ते.”

“माझा चुलता गेलाय सकाळी,” ते म्हणाले. “आन् तुमी म्हनता शेंगा खातोय?”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. ती का काढली हे मला कळेपर्यंत त्यांनी माझी गचांडी धरली होती. स्टेशनमास्तर मध्ये पडले म्हणून वाचलो. ते स्टेशनमास्तरही अण्णांचे विद्यार्थी, आणि तेही मला सोडवताना म्हणाले, “चूक तुमचीच आहे.”

श्रीगोंद्याला परतलो तर तिथं वेगळंच. कचेरीत कुणीतरी ते पुस्तक वाचलं होतं. मामलेदारसाहेबांनी माझी वाढवलेली रजा दुःखद प्रसंग म्हणून सहानुभूतीनं मंजूर केली होती. आणि त्याच आठवड्यात पुणतांब्याचा एक माणूस कामाला आला आणि सांगून गेला की मास्तर मजेत आहेत. साहेबांनी मला आत बोलावलं. “रजेसाठी लोक आजी मारतात, मामा मारतात. तुम्ही सासऱ्याला मारून वर पुस्तक छापून पुरावा दिलात?” मला लेखी खुलासा द्यावा लागला. त्यात मी एकदाही ‘होते’ लिहिलं नाही.

मी इतका चिडलो होतो की पुढच्या रविवारी थेट पुण्याला गेलो. मंडळाची कचेरी म्हणजे एका बोळातली खोली, आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये बसलेले एक सौम्य गृहस्थ. तेच मंडळाचे चिटणीस. माझं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि समोरचा माणूस शांत असला की मला जास्तच राग येतो.

“तुम्हीच लिहिलंत ना, वारसांच्या वतीनं म्हणून?” त्यांनी विचारलं.

“लिहिलं. पण माणूस गेलाय असं कुठं लिहिलं?”

“वारस कधी होतात, साहेब?”

मी विषय बदलला. म्हणालो, “आता दुरुस्ती करा.”

ते अवघडले. म्हणाले, “करू. पण मंडळाची थोडी अडचण होईल. आमचे बाकीचे सगळे लेखक गेलेले आहेत. त्यामुळं त्यांचा काही त्रास नसतो. हयात लेखक म्हणजे तो पत्रं लिहिणार.”

दुरुस्ती म्हणून त्यांनी सगळ्या सभासदांना एक चिठ्ठी पाठवली. ‘शुद्धिपत्र. मुखपृष्ठावर कै. ऐवजी श्री. असे वाचावे. प्रस्तावनेतील लेखकाच्या निधनाचे सर्व उल्लेख वगळून वाचावे.’ ते वगळलं तर प्रस्तावनेत माझं नाव तेवढं उरत होतं.

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय. त्या आधी नगरच्या एका साप्ताहिकात कादंबरीवर लेख आला होता. टीकाकारानं लिहिलं होतं की एवढी प्रतिभा आपण जिवंतपणी ओळखली नाही, ही मराठी वाचकाला शरमेची गोष्ट आहे. अण्णांनी तो लेख कापून गादीखाली ठेवला होता, हे मला सासूबाईंनी रागारागानं सांगितलं. शुद्धिपत्र निघाल्यावर त्याच टीकाकारानं दुसरा लेख लिहिला. ‘लेखक हयात असल्याचे कळते. मग मधल्या प्रकरणांतील पाल्हाळ त्यांनी इतक्या वर्षांत कापून का टाकला नाही, हे समजत नाही. नायिका चार वेळा मूर्च्छित पडते.’

त्या लेखानंतर पत्रं आटली. हेडमास्तरांनी शाळेच्या वाचनालयाला अण्णांचं नाव द्यायचं ठरवलं होतं, ते वरच्या माणसांनी अडवलं. म्हणाले, हयात माणसाचं नाव देता येत नाही, थोडं थांबू.

मी पुणतांब्याला गेलो तेव्हा अण्णा खोलीत येरझारा घालत होते. मला पाहून थांबले.

“मेल्यावर माझं बरं चाललं होतं,” ते म्हणाले. “तुम्हाला पुण्याला जायला कुणी सांगितलं होतं?”

आता बोला. मारलं म्हणून शिव्या खाल्ल्या, त्या मी समजू शकतो. पण पदरचं भाडं घालून माणसाला जिवंत केलं, त्याबद्दलही शिव्याच? मीही माणूस आहे. मी ताडकन म्हणालो, “अण्णा, टीकाकाराला उत्तर द्यायचं तर माझ्यावर ओरडून काय होणार? दुसरी कादंबरी लिहा.”

रागाच्या भरात बोलून गेलो. पण ते त्यांच्या डोक्यात बसलं. त्यांनी वह्या मागवल्या, दार लावून घेतलं आणि पंचाहत्तरी उलटलेला तो माणूस दुसऱ्या दिवसापासून लिहायला बसला. वर्ष सव्वा वर्ष लिहीत होते. सासूबाई म्हणायच्या, तब्येत इतकी चांगली कधीच नव्हती. मला वाटलं, चला, काहीतरी तर चांगलं झालं. आतल्या आत मी जरा फुशारलोसुद्धा.

कादंबरी पुरी झाली आणि दिवाळीला त्यांनी घरच्या सगळ्यांना ऐकायला बसवलं. मुली, जावई, बबनराव, अगदी हेडमास्तरही आले होते. अण्णांनी पहिली वही उघडली. सुरुवात एका तालुक्याच्या गावात होते. तिथं कचेरीत एक कारकून असतो. त्याचं लग्न एका विद्वान मास्तरांच्या मुलीशी झालेलं असतं. मी जरा पुढं सरकून बसलो. लोक माझ्याकडे बघून हसायला लागले होते, आणि मीही हसून मान डोलावली. इतकं होऊन अण्णांनी मला कादंबरीत घेतलं होतं. माझे डोळे भरून आले.

पहिलं पान संपायच्या आत तो कारकून मेला.

अण्णा शांतपणे पान उलटून पुढं वाचायला लागले. मी न राहवून म्हणालो, “अण्णा, जावई इतक्यात गेला?”

“हो,” ते म्हणाले.

माझी अपेक्षा होती की निदान सुमन तरी काही बोलेल. बोलली. हनुवटीखाली हात घेऊन ती पुढं झुकली आणि तिनं विचारलं, “मग अण्णा, तिचं पुढं सगळं नीट होतं ना?”

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि लेकीकडे मोठ्या मायेनं पाहिलं.

“बाळ,” ते म्हणाले, “कादंबरी सुरूच तिथून होते.”